गावानं ठरवलं, म्हणजे कुणी?

शिर्डी आणि शनिशिंगणापूर सोडलं, तर नगर जिल्ह्यात बाहेरच्या माणसांची सगळ्यात जास्त ये-जा बहुधा राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या दोन गावांत असेल. सरपंचांच्या अभ्याससहली येतात, नव्यानं नेमलेले सनदी अधिकारी येतात, परदेशी विद्यापीठांतले पीएचडी करणारे वह्या घेऊन येतात. सगळ्यांना गावात एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतं: गावानं ठरवलं. दारू बंद करायची, गावानं ठरवलं. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, गावानं ठरवलं. पाहुणे हे वाक्य टिपून घेतात आणि अहवालात त्याचा 'लोकसहभाग' होतो. ठरवताना कोण बोललं, कोण गप्प बसलं आणि कोण त्या दिवशी गावातच नव्हतं, हे विचारायला सहलीच्या वेळापत्रकात जागा नसते.

संशोधकांनी मात्र ते विचारलं आहे, आणि याच जिल्ह्यात विचारलं आहे. अहमदनगर, आता कागदोपत्री अहिल्यानगर आणि बोलण्यात अजून नुसतं 'नगर', हा क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेनुसार 45 लाखांवर लोक. उत्तरेला प्रवरा आणि गोदावरीचे कालवे, ऊस आणि कारखाने. दक्षिणेला पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडची कोरडवाहू. सहकार, पाणलोट, प्राथमिक आरोग्य, माहितीचा अधिकार आणि पंचायत या पाचही विषयांवर इथं किंवा इथून निघालेल्या प्रश्नांवर मोलाचं लेखन झालं आहे. अडचण एवढीच, की सहकारावर लिहिणारा पाणलोटाचं वाचत नाही आणि आरोग्यवाला कारखान्याकडे फिरकत नाही. हे सगळं लेखन शेजारी शेजारी ठेवून वाचलं, तर एकाच गोष्टीची पाच टोकं हातात येतात. ती गोष्ट अशी: जिथं गरिबाच्या हातात पुढाऱ्याच्या मर्जीवर न चालणारं काहीतरी पडलं, तिथं त्याला आवाज आला. जिथं त्याच्याकडून फक्त घाम आणि शिस्त मागितली गेली, तिथं गावाला पाणी आलं, पण आवाज आलाच असं नाही.

जगात या विषयाची चर्चा कुठून कुठवर आली, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत शेरी आर्नस्टीन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची शिडी मांडली. तळाच्या पायरीवर लोकांना नुसतं वापरून घेतलं जातं, वरच्या पायरीवर खरी सत्ता त्यांच्या हातात येते, आणि बहुतेक सरकारी सहभाग मधल्या दिखाऊ पायऱ्यांवरच अडकलेला असतो. पुढं रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना जमिनीवर रांगोळीनं आपल्या गावाचा नकाशा काढायला लावण्याची पद्धत जगभर नेली. आपल्याकडच्या स्वयंसेवी संस्थांनी ती इतकी उचलली, की नव्वदच्या दशकात नकाशा काढून झाला नाही असं गाव शोधावं लागलं असतं. मग 2001 मध्ये बिल कुक आणि उमा कोठारी यांनी संपादित केलेल्या पुस्तकानं सरळ विचारलं, की सहभाग हीच नवी जुलूमशाही तर नव्हे? जॉन गॅव्हेंटा यांनी सत्तेची तीन रूपं सांगितली: समोर दिसणारी, विषयपत्रिका ठरवणारी लपलेली, आणि माणसाच्या मनात बसून त्याला मागणीच सुचू न देणारी. सरकारनं बोलावून दिलेली जागा आणि लोकांनी स्वतः मिळवलेली जागा यांतला फरकही त्यांनी नीट दाखवला. गॅव्हेंटा आणि ग्रेगरी बॅरेट यांनी 2010 मध्ये 20 देशांतल्या सुमारे शंभर अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला, तेव्हा निष्कर्ष एकंदरीत आशादायक निघाला. जागतिक बँकेच्या गझाला मन्सुरी आणि विजयेंद्र राव यांचा निष्कर्ष जास्त सावध होता: आतून उगवलेला सहभाग वेगळा आणि योजनेनं पैसे देऊन उगवलेला वेगळा, आणि दुसऱ्या प्रकारात फायदा बहुतेकदा आधीच बरं चाललेल्यांकडे जातो.

आता नगरकडे. सुरुवात कारखान्यापासून करायला हवी, कारण या जिल्ह्यात सामान्य शेतकऱ्यानं मत देऊन संस्था चालवायची असते हे पहिल्यांदा दिसलं ते लोणीत. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या अखेरीस सुरू झाला. गाडगीळ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे, आणि तरी पहिली काही वर्षं कारखान्याचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. खाजगी कारखानदार आणि सावकार यांच्यामध्ये चेपलेला ऊसवाला इथं भागधारक झाला. एक सभासद, एक मत. कागदावर याहून सुंदर लोकशाही काढणं अवघड आहे.

बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास केला. 1980 मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक आजही नगरच्या राजकारणावरचं पहिलं वाचायला हवं असं पुस्तक आहे. त्यांनी दाखवलं की कारखाना ही आर्थिक संस्था असतानाच गटातटांचा आखाडाही असतो आणि चेअरमनपद ही विधानसभेची पायरी असते. महत्त्वाचं म्हणजे त्यांनी हे नाक मुरडून लिहिलं नाही. सभासद मूर्ख नसतो, भाव आणि वजनकाटा यांवर त्याची बारीक नजर असते, आणि कारखाना नीट चालला नाही तर तो गट बदलतो, हेही त्यात आहे. जयंत लेले यांनी पुढच्याच वर्षी याच चित्राची दुसरी बाजू मांडली. मराठा अभिजनांच्या आपसातल्या स्पर्धेला लोकशाही म्हणता येईल, पण तिच्यात खालच्या थरातला माणूस प्रेक्षकच राहतो.

यानंतर अर्थशास्त्रज्ञ आले आणि त्यांनी गावगप्पांना आकड्यांचा आधार दिला. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी आणि देबराज रे यांच्या 2001 च्या अभ्यासाचं सार साधं आहे. सभासदांमध्ये लहान-मोठ्याची दरी जितकी रुंद, तितका मोठ्यांना उसाचा भाव मुद्दाम खाली ठेवण्यात रस जास्त. भाव कमी दिला की कारखान्यात शिल्लक उरते, आणि शिल्लक कुठं खर्चायची ते संचालक मंडळ ठरवतं. शाळा, दवाखाने, इंजिनिअरिंग कॉलेज, पतसंस्था. यातलं बरंचसं लोकांच्या उपयोगाचंच असतं, पण कुणाच्या नावाच्या पाटीखाली, हा प्रश्न राहतोच. संदीप सुखटणकर यांनी 2012 मध्ये आणखी एक धागा ओढला: ज्या कारखान्यांचे अध्यक्ष निवडणुकीला उभे असतात, त्या कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी उसाचा भाव कमी दिला जातो. कोपरगाव-संगमनेर-राहात्याच्या कट्ट्यांवर हे कुणालाही नवीन वाटलं नसतं. फरक एवढाच, की कट्ट्यावरच्या बोलण्याला पुरावा लागत नाही आणि म्हणून त्याला कुणी उत्तरही देत नाही.

कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गॅव्हेंटांची तिन्ही रूपं एका मंडपात दिसतात. अहवाल छापून घरोघर पोचलेला असतो. विषय वाचले जातात, पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' येतं. कुणी विरोधक माईक मागतो, त्याला माईक मिळेपर्यंत दोन विषय पुढं गेलेले असतात. ज्याचा ऊस पुढच्या महिन्यात तोडीला यायचा आहे, तो माईक मागत नाही. ऊसतोडीची तारीख कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो आणि ऊस वेळेत न तुटता रानात उभा राहिला तर वजन घटतं, पुढचं पीक हुकतं. मत गुप्त असतं, तोडीची तारीख नसते.

दक्षिणेतली आदर्श गावं या मंडपापासून फार लांबची वाटतात. किसन बाबुराव ऊर्फ अण्णा हजारे सैन्यातून परतून 1975 च्या सुमारास राळेगणसिद्धीला आले, तेव्हा गावात पाणी नव्हतं आणि हातभट्ट्या होत्या. त्यांनी स्वतःच्या पैशातून यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं आणि तिथूनच काम सुरू झालं. नाला बंडिंग, पाझर तलाव, सामुदायिक विहिरी, धान्य बँक, शाळा. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री इथंच घडली. गणेश आणि वसुधा पानगरे यांनी नव्वदच्या सुरुवातीला लिहिलेला राळेगणचा वृत्तांत वाचला की या कामाचा आवाका कळतो. त्यांना त्याबद्दल आदर आहे आणि तो रास्त आहे. ज्या गावातून माणसं मजुरीसाठी बाहेर जात होती, त्या गावातून कांदा बाहेर जाऊ लागला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

मुकुल शर्मा यांनी 2006 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त याच गावाबद्दल लिहिलं आणि आदराच्या लेखनात न बसणाऱ्या गोष्टी पुढं ठेवल्या. दारुड्यांना खांबाला बांधून फटके देण्याची शिक्षा. दलित कुटुंबांवर शाकाहाराचा दबाव. नैतिक अधिकार एका माणसापाशी एकवटलेला आणि निवडणुका बहुतेक बिनविरोध. शर्मांची मांडणी काही ठिकाणी गरजेपेक्षा कडक वाटते. मारकुट्या नवऱ्याची दारू सुटल्यावर त्या बाईला काय वाटलं असेल याला त्यांच्या लेखात पुरेशी जागा नाही. पण त्यांचा मूळ प्रश्न बाजूला सारता येत नाही. गावात एखाद्याला मटण खायचं असेल, श्रमदानाला जायचं नसेल, किंवा पाझर तलावाची जागा चुकली असं वाटत असेल, तर तो ते बोलून दाखवून गावात पूर्वीसारखा राहू शकतो का?

हिवरे बाजारचं उत्तर थोडं निराळं आहे, आणि माझ्या मते जास्त अभ्यासण्यासारखं. पोपटराव पवार 1989 च्या सुमारास सरपंच झाले. आदर्श गाव योजनेत गाव निवडलं गेलं आणि पंचसूत्रीत लोटाबंदी (उघड्यावर शौचाला बंदी) व बोअरवेलबंदी जोडून सप्तसूत्री झाली. या गावाची खरी कमाई मात्र पाण्याच्या ताळेबंदाची. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, विहिरींत किती पाणी आहे, हे मोजलं जातं. भूजल सर्वेक्षणाची मदत घेऊन हिशेब मांडला जातो. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, मग उरलेल्यात रब्बीला किती क्षेत्र. पाऊस कमी असेल तर ग्रामसभा गव्हाचं क्षेत्र कमी करायला सांगते. ऊस आणि केळीला मोकळं पाणी नाही. हा ठराव मोठ्या शेतकऱ्यालाही लागू होतो, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो आकड्यांवर होतो. आकडा फळ्यावर लिहिलेला असतो, तो सरपंचाच्या तोंडचा नसतो. पारावर बसलेला अल्पभूधारकही त्यावरून विचारू शकतो, की वरच्या वस्तीवर मोटर रात्री का चालते.

तरीही तीस वर्षं इथं ग्रामपंचायतीला मतदान झालं नव्हतं. जानेवारी 2021 मध्ये झालं, तेव्हा बातम्यांचा सूर हळहळीचा होता: आदर्श गावालाही दृष्ट लागली. निकालात पोपटरावांच्याच गटानं सगळ्या जागा जिंकल्या. मला ती हळहळ कळली नाही. बिनविरोध निवडणुकीसाठी पुढारी लाखांच्या बक्षिसांच्या घोषणा करत आले आहेत. काही गावांत तर सरपंचपदाचा लिलाव करून मंदिराला देणगी घेतल्याचे प्रकार निवडणूक आयोगापर्यंत गेले. एकमत विकत घ्यायला निघालेल्या राज्यात एका चांगल्या सरपंचानं मतपेटीतून निवडून येणं ही वाईट बातमी कशी?

पाणलोटाचं काम या दोन गावांपुरतं राहिलं नाही. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगरच्या सोशल सेंटरमधून दशकानुदशकं काम केलं आणि त्यातून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. नाबार्डमार्फत पैसा आला, वॉटर ही संस्था 1993 मध्ये उभी राहिली. या कार्यक्रमाची शिस्त वाखाणण्यासारखी होती. आधी गावानं श्रमदान करून दाखवायचं, मगच निधी. आराखडा ऑफिसात बसून नव्हे, तर गट नंबरनुसार शेतावर जाऊन, शेतकऱ्याशी बोलून, शक्यतो नवरा-बायको दोघंही हजर असताना करायचा. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांचे उघडे डोंगर पुन्हा हिरवे झाले ते यातून.

जॉन केर यांनी पानगरे दांपत्याबरोबर नगर-पुण्याच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या आणि आंध्रातल्या गावांत अशा अनेक कार्यक्रमांची तुलना केली. 2002 मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात लोकांना सोबत घेणारे प्रकल्प निव्वळ तांत्रिक सरकारी प्रकल्पांपेक्षा सरस ठरले. त्याच अहवालात दुसरं वाक्यही आहे, आणि सरकारी समारंभात ते कुणी वाचून दाखवत नाही: डोंगर राखला जातो तेव्हा किंमत मोजतात ते ज्यांची जमीन नाही आणि ज्यांच्याकडे शेळ्या-मेंढ्या आहेत ते. पाणी खालच्या विहिरींत उतरतं आणि विहिरी जमीनवाल्यांच्या असतात. गायरानात जाणारी मेंढरं बंद होतात ती धनगराची. चार वर्षांनी गवत कापायला मिळेल असं सांगितलं जातं, पण मेंढपाळाला ती चार वर्षं कुणी पगार देत नाही. चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत एकमतानं झाला, असं इतिवृत्तात लिहिलेलं असतं. मेंढपाळ त्या वेळी मेंढरांमागं कोकणात किंवा मराठवाड्यात असण्याची शक्यता बरीच.

श्रमदान पुढं मोठा उत्सव झाला. 2016 पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपनं पहाटे टोपल्या-फावडी घेऊन डोंगरावर जाणाऱ्या गावांची स्पर्धा लावली. त्यात खरी ऊर्जा होती. जलयुक्त शिवार योजनेत सरकारनं साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च केला आणि 2020 मध्ये महालेखापरीक्षकांनी भूजलावर त्याचा फारसा परिणाम दिसत नसल्याचं नोंदवलं. इतक्या टोपल्या आणि इतका पैसा यांच्यामध्ये कुठंतरी हिशेब विचारायची जागा हवी होती. ती वॉटर कपच्या गुणपत्रिकेत नव्हती आणि जलयुक्तच्या फलकावरही नव्हती.

जामखेडची गोष्ट मी इथपर्यंत राखून ठेवली, कारण या सगळ्या लेखनात सत्तेचा गुंता सर्वांत कौशल्यानं कुणी सोडवला असेल तर तो रजनीकांत आणि मेबेल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं. 1970 मध्ये त्यांनी इथं काम सुरू केलं. दवाखाना काढून बसता आलं असतं. त्यांनी गावातल्या तरुण शेतकऱ्यांना व्हॉलीबॉल खेळायला बोलावलं, कारण मैदानात चेंडू दुसऱ्याच्या हातात द्यावाच लागतो, मग तो कुठल्या वस्तीतला का असेना. 1972 च्या दुष्काळात कूपनलिका घ्यायची वेळ आली. पाणी कुठं लागेल याचा कौल भूगर्भतज्ज्ञ देणार होता. आरोळ्यांनी आपल्या पुस्तकात लिहिलं आहे, की जिथं जिथं जमलं तिथं त्यांनी कौल दलित वस्तीत लागेल असं पाहिलं. पाण्यासाठी अख्खं गाव हंडे घेऊन त्या वस्तीत येऊ लागलं. अस्पृश्यतेविरुद्ध एकही भाषण झालं नाही, ठराव झाला नाही. हातपंपाची जागा कुणाच्या दारात, एवढाच बदल. आर्नस्टीनच्या शिडीवर याला कुठली पायरी द्यायची? खरं तर हा लोकसहभाग नव्हेच, डॉक्टरांची धूर्त चाल होती. आणि तिनं जे केलं ते शंभर ग्रामसभांनी झालं नसतं.

गावातली आरोग्यसेविका निवडतानाही असंच. शिकलेली नर्स नको. गावातलीच बाई हवी, अनेकदा निरक्षर, अनेकदा दलित. दर आठवड्याला जामखेडला यायचं, वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र राहायचं, एका पंगतीत जेवायचं, बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठ यांबद्दल शिकायचं आणि गावी जाऊन करायचं. तिच्या हातात जे आलं ते कौशल्य होतं, आणि ते पाटलाच्या सुनेलाही रात्री दोन वाजता लागतं. कुणाच्या मेहेरबानीचं पद नसल्यामुळे ते काढूनही घेता येत नव्हतं. पुढं 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक तुलनात्मक अभ्यास आला. प्रकल्पाच्या गावांत, जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या मुलांचा पाच वर्षांच्या आत मरण्याचा धोका शेजारच्या गावांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी निघाला. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे मिळालं होतं, पण मला हा आकडा त्याहून मोठा वाटतो.

आणि तरीही. त्याच जामखेड तालुक्यात, खर्डा गावात, एप्रिल 2014 मध्ये एका शाळकरी दलित मुलाचा दिवसाढवळ्या खून झाला. मराठा मुलीशी बोलतो, एवढं निमित्त. 2017 मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्याआधी 2013 मध्ये नेवासे तालुक्यात सोनईला तीन दलित तरुणांची हत्या झाली होती. विकासाच्या अभ्यासकांनी या घटना 'कायदा-सुव्यवस्था' म्हणून दुसऱ्या कप्प्यात टाकल्या, आणि हीच मला या सगळ्या लेखनातली सर्वांत मोठी चूक वाटते. पाच-दहा गावांच्या परिसरात काय घडू शकतं हे ज्याला माहीत आहे, तो ग्रामसभेत उठून बोलायच्या आधी खूप विचार करतो. सहभागाचा अभ्यास करायचा तर आधी ही भीती मोजायला हवी.

सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रान्स्वा आणि अशोक कोतवाल यांनी महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींच्या मोठ्या पाहणीतून 2015 मध्ये जे मांडलं, ते या भीतीच्या जवळ जातं. निवडणुका मोकळ्या, मोजणी चोख, मतदान भरपूर, निवडून आलेली माणसंही प्रातिनिधिक. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. पण जिथं जमीन मराठ्यांच्या हातात एकवटली आहे, तिथं गरिबांसाठीच्या योजना, विशेषतः रोजगार हमी, कमी राबवल्या जातात. कारण उघड आहे: रोहयोचं काम निघालं की मजूर रानात यायला जास्त मागतो. त्या बदल्यात जमीनदार अडीअडचणीला मजुराच्या मागं उभा राहतो, आणि मजूर त्याच्या पॅनेलला मत देतो. या गावांत लोक एकमेकांवर जास्त विश्वास असल्याचंही सांगतात. ही सर्वांत अस्वस्थ करणारी ओळ. गुण्यागोविंदानं चाललेलं गाव आणि गरिबाचं कमी मिळणं ही दोन्ही एकाच व्यवस्थेची फळं असू शकतात.

रोजगार हमीचं नाव निघालं म्हणून हेही सांगायला हवं, की ती मागणी दुष्काळी महाराष्ट्रातूनच उठली. 1972 च्या दुष्काळातली कामं, वि. स. पागे यांचा पाठपुरावा, 1977 चा कायदा. 'काम द्या, नाहीतर भत्ता द्या' असं म्हणण्याचा हक्क त्यानं दिला. काम सुरू होवो न होवो, असा अर्ज करता येतो हे ठाऊक असलेला मजूर सौदा वेगळा करतो.

ग्रामसभेचं गणितही बघा. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी ते. ती झाली नाही की सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे पहिल्या सभेला कुणी आलं नाही तरी दुसऱ्या सभेत पंधरा-वीस माणसांत सगळे ठराव होऊ शकतात, आणि नंतर शिपाई वही घेऊन घरोघर सह्या गोळा करत फिरतो. नेहमीच्या सभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. अनेक ठिकाणी तिची वही उंबऱ्यापर्यंत येते, सभा येत नाही. आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडचे ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात ते उन्हाळ्यात परततात. 26 जानेवारीची ग्रामसभा त्यांच्या आयुष्यात कधी येतच नाही. तीच ग्रामसभा घरकुलाच्या आणि रोहयोच्या याद्यांना मान्यता देते. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यासाठी ऊस तोडणारा माणूस आपल्याच गावाच्या सभेला गैरहजर. सहकार आणि पंचायत हे दोन विषय वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्यामुळे हे दृश्य कुठल्याच पुस्तकात नीट आलेलं नाही.

बोलावून दिलेल्या जागा सरकार कधीही बदलू शकतं, याचंही उदाहरण ताजं आहे. सरपंच थेट जनतेतून निवडायचं 2017 मध्ये ठरलं, 2020 मध्ये ते रद्द झालं, 2022 मध्ये पुन्हा आलं. तिन्ही वेळा निर्णय मुंबईत झाला आणि ग्रामसभांना कुणी विचारलं नाही. 2022 मध्ये मुदत संपल्यावर जिल्हा परिषदेची निवडणूकच झाली नाही. पुढं तीन वर्षांहून जास्त काळ नगरची जिल्हा परिषद प्रशासकानं चालवली. सहभागाच्या कार्यशाळा त्या काळातही झाल्याच.

मिळवलेल्या जागेचं सर्वांत मोठं उदाहरण राळेगणच्याच नावावर आहे, पण ते मंदिरातल्या शिस्तीचं नव्हे. हजारेंच्या भ्रष्टाचारविरोधी जन आंदोलनानं तालुक्या-तालुक्यांत समित्या उभ्या केल्या. 2000 मध्ये राज्यानं केलेला माहितीचा कायदा फारच लुळा होता. आंदोलनं आणि उपोषणं झाली, आणि त्यातून आलेला राज्याचा नवा कायदा 2005 च्या केंद्रीय कायद्याला वाट करून देणाऱ्यांपैकी एक ठरला. रॉब जेन्किन्स यांनी महाराष्ट्रातल्या या चळवळीची राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेशी तुलना केली आहे. तिकडे जनसुनवाईत मजूर स्वतः मस्टर वाचून घेत होते. इकडे चळवळ नेत्याच्या उपोषणाकडे आणि मंत्र्यांच्या राजीनाम्याकडे झुकली. भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या सावंत आयोगानं 2005 मध्ये मंत्र्यांवर ताशेरे ओढले, तसे हजारेंच्या ट्रस्टच्या पैशांतून झालेल्या वाढदिवसाच्या खर्चावरही ओढले. हिशेब मागणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागला, हे एका अर्थानं बरंच झालं.

कायदा मात्र नेत्यापेक्षा लांब गेला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ग्रामसेवकाकडे अर्ज करणाऱ्याला उपोषण करावं लागत नाही आणि सरपंचाशी पटावंही लागत नाही. याची किंमतही आहे: माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झाले, तळेगावचे सतीश शेट्टी 2010 मध्ये मारले गेले. जोनाथन फॉक्स यांचं 2015 चं म्हणणं इथं चपखल बसतं. नुसती माहिती हाती देऊन काही हलत नाही. आवाजाबरोबर वरून कारवाईचा दात लागतो. पारनेरच्या एखाद्या गावात रस्त्याच्या बिलाची नक्कल मिळते, पण पुढं गटविकास अधिकाऱ्यानं चौकशीच लावली नाही तर ती नक्कल कपाटात जाते आणि अर्जदार गावात 'माहितीवाला' म्हणून ओळखला जातो. हे कौतुक नसतं.

गावाच्या पातळीवर थांबलं की आणखी एक गोष्ट निसटते. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही, हा नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा वाद 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्याखाली प्राधिकरणात आणि उच्च न्यायालयात लढला गेला. तिथं वकील लावले ते कारखान्यांनी. हिवरे बाजार आपल्या शिवारातल्या थेंबाचा हिशेब लावतं, पण भंडारदरा-निळवंड्याच्या पाण्याचा हिशेब ज्या टेबलावर होतो, तिथं ग्रामसभेला खुर्ची नाही. सहभागाच्या अभ्यासांनी गावाची वेस ओलांडलेली नाही, सत्तेनं ती केव्हाच ओलांडली आहे.

पुढचा अभ्यास कुणी हाती घेणार असेल, तर तो यशोगाथेच्या गावातून नव्हे, इतिवृत्तांच्या वह्यांतून सुरू व्हावा. दहा वर्षांच्या वह्या काढाव्यात, विरोधाची नोंद झालेला प्रत्येक ठराव शोधावा. मग विरोध करणाऱ्या माणसाकडे जाऊन विचारावं: त्या वर्षी त्याच्या उसाला तोड कधी आली, घरकुलाच्या यादीत त्याचं नाव राहिलं का, पाण्याच्या पाळीत त्याचा नंबर कितवा लागला. बहुतेक वह्यांत विरोधाची नोंदच सापडणार नाही. मग त्या गावात कुणालाच कधी विरोध करावासा वाटला नाही, की लिहिणाऱ्यानं तो लिहिला नाही, हे विचारायला ग्रामसेवकाच्या आधी दलित वस्तीत आणि ऊसतोड मजुरांच्या पालांवर जावं लागेल, तेही कारखान्यांचा पट्टा पडायच्या, म्हणजे गळीत हंगाम संपायच्या, आत.